जागा पक्की आहे, मग घाई कसली?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या आरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला कार्यकारिणीने सांगितलं की पंधरा-वीस मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या, पण फार जड नको. म्हणून मी असा विषय घेतला आहे की ज्यावर इथला प्रत्येक जण तावातावाने बोलू शकेल. विमानात चढताना होणारी रेटारेटी आणि रांगेत मध्येच घुसणारी माणसं.

आपल्यातले जे जुने लोक सत्तर-ऐंशीच्या दशकात नोकरीनिमित्त इकडे आले, त्यांना गावी जाणं म्हणजे काय हे ठाऊक आहे. अंबाल्याला जाऊन झेलम पकडायची, वळकटी, पाण्याचा फिरकीचा तांब्या, दोन दिवसांच्या दशम्या. आज परिस्थिती बदलली आहे. २०१५ च्या सप्टेंबरात मोहालीच्या बाजूला विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, २०२२ मध्ये विमानतळाला शहीद भगतसिंगांचं नाव मिळालं. पुण्या-मुंबईची विमानं इथून सुटतात आणि सकाळी इथे चहा घेतलेला माणूस दुपारी आईच्या हातचं वरण-भात जेवतो. गाडी बदलली, वेळ बदलली. चढण्याची पद्धत मात्र आपण वळकटीबरोबर बांधून आणली, ती अजून सोडलेली नाही.

जरा विचार करा. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो, त्याला कारण होतं. गाडीत जागा चाळीस-पन्नास आणि फलाटावर माणसं शंभर. जो मागे राहिला, तो सांगलीपर्यंत उभा. तिथे घाई करणारा निदान मूर्ख तरी नव्हता. पण विमानात? हातातल्या बोर्डिंग पासवर आपला आकडा छापलेला आहे. १४-सी म्हणजे १४-सी. तिथे दुसरं कोणी बसणार नाही. पहिला चढलेला आणि शेवटचा चढलेला एकाच क्षणी जमीन सोडतो आणि एकाच क्षणी पुण्याला उतरतो. तरीही घोषणा व्हायच्या आधी सगळं दालन उठून उभं राहतं. माझ्या माहितीत जगातली ही एकमेव रांग आहे, जिच्यात पुढे जाऊन काहीही मिळत नाही आणि तरी लोक भांडतात.

काहीही मिळत नाही हे म्हणणं अगदी पूर्ण खरं नाही, हेही सांगायला हवं. एक गोष्ट मिळते. डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायला जागा. एका विमानात १८० माणसं, प्रत्येकाजवळ चाकांची बॅग, शिवाय विमानतळावर घेतलेली पिशवी, शिवाय काकूंनी दिलेला बाकरवडीचा डबा. जागेची टंचाई संपली, कप्प्याची टंचाई सुरू झाली. मग पंचविसाव्या ओळीचा माणूस आत शिरताक्षणी तिसऱ्या ओळीच्या वरच्या कप्प्यात बॅग कोंबतो आणि हात हलवत मागे जातो. तिसऱ्या ओळीची बाई येते तेव्हा तिच्या डोक्यावर जागा नसते. तिची बॅग मागे वीस ओळींवर जाते. उतरताना तिला सगळ्या गर्दीच्या उलट दिशेने मागे जावं लागतं. एकाने वाचवलेलं अर्धं मिनिट दुसऱ्या वीस जणांच्या खात्यातून वजा होतं.

दुसरं कारण इतिहासाचं आहे. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ मध्ये सुरू झाली आणि सामान्य माणसाला पहिल्यांदा विमान परवडलं. त्यांच्या विमानात सुरुवातीला आसनक्रमांकच नसत. जो आधी पोचेल त्याला खिडकी. लोक विमानाकडे अक्षरशः पळत. ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली, क्रमांक आले, पण ज्या पिढीने पहिलं विमान तसं पाहिलं, तिचे पाय अजून थांबत नाहीत.

आता आमच्या शास्त्रज्ञ मित्रांसाठी थोडी शास्त्राची गोष्ट. जेसन स्टेफन नावाच्या अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये हा प्रश्न गणिताने सोडवला. पुढे ७२ माणसं घेऊन, बारा ओळींच्या नकली विमानात, त्याने प्रत्यक्ष चढवून पाहिलं. 'आधी मागचा गट, मग मधला, मग पुढचा' या पद्धतीला जवळजवळ सात मिनिटं लागली. कसाही क्रम न लावता सोडलं तर पावणेपाच. आणि खिडकीवाले आधी, तेही एक ओळ सोडून एक, मग मधले, मग वाटेकडचे, अशा ठरवलेल्या क्रमाने साडेतीन मिनिटांच्या आसपास. कारण साधं आहे. शेजारशेजारच्या ओळींतली माणसं एकदम आली की एक जण बॅग वर चढवतो आणि बाकीचे त्याच्या पाठीमागे खोळंबतात. अंतर सोडून आले तर आठ-दहा जण एकाच वेळी बॅगा ठेवतात, कोणी कोणाला उठवत नाही. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने २०२३ पासून खिडकी, मधली, वाटेकडची असा क्रम सुरू केला तो याच विचाराने.

म्हणजे रांगेचा क्रम ही विमान कंपनीची लहर नाही. पण क्रम कितीही हुशारीने लावला तरी तो पाळणारी माणसं लागतात. हा आजार आपल्याच देशात आहे असंही समजू नका. अमेरिकन एअरलाइन्सला २०२४ मध्ये दारावर अशी यंत्रणा बसवावी लागली की आपल्या गटाच्या आधी कोणी पास दाखवला तर चारचौघांत आवाज होतो. तुर्कस्तानच्या विमान वाहतूक खात्याने २०२५ मध्ये, विमान थांबायच्या आधी उठणाऱ्या प्रवाशांना दंडाची तरतूद केली. चारचौघांतली लाज आणि खिशातला पैसा, दोन्ही उपाय करून झाले.

मागच्या हिवाळ्यातला प्रसंग सांगतो. चंदीगडचं धुकं तुम्हाला माहीत आहे. विमान तीन तास उशिरा. शेवटी घोषणा झाली की लहान मुलं असलेल्यांनी आणि वयस्कर मंडळींनी आधी यावं. एक मुलगी तान्हं बाळ घेऊन उठली. ती दारापर्यंत पोचेस्तोवर तिच्यापुढे तीस-चाळीस माणसं भिंतीसारखी उभी. दारावरचा कर्मचारी मान खाली घालून पास तपासत राहिला. माझ्या पुढच्या सरदारजींनी मध्ये घुसणाऱ्या एका गृहस्थांना शांतपणे विचारलं, "भाईसाब, सीट तो आपकी पक्की है, जहाज छोड़के थोड़े ही जाएगा?" त्यावर त्या गृहस्थांनी मागे वळून आपल्या पत्नीला हाक मारली, "अगं ये लवकर, मी नंबर धरलाय!"

मंडळी, हसू नका. ते आपलेच होते.

आपण घरात बसून म्हणतो ना, की ही उत्तरेकडची माणसं, यांना शिस्त नाही, आमच्या मुंबईत बेस्टच्या बसला कशी रांग लागते. ज्यांना हे वाटतं त्यांनी एकदा नाडासाहेब गुरुद्वारात लंगरला जाऊन यावं. तिथे शब्दही आपलाच आहे, पंगत. आधी पंगत, मग संगत, ही गुरू अमरदासांच्या काळापासूनची रीत. गोइंदवालला अकबर बादशहालाही पंगतीत बसून जेवावं लागलं असं परंपरा सांगते. तिथे मोटारीतून आलेला आणि सायकलवरून आलेला एकाच सतरंजीवर बसतो आणि वाढपी आपल्यापर्यंत येईल याची दोघांनाही खात्री असते. खात्री असली की माणूस ढकलत नाही. सगळी गोम तिथे आहे.

आणि आपली वारी? आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा रथापुढे किती दिंड्या, रथामागे किती, कोणती कोणाच्या मागे, हे सगळं ठरलेलं असतं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली ही शिस्त. लाखो माणसं चालतात, पण अमुक क्रमांकाची दिंडी तमुक दिंडीला मागे टाकून पुढे गेली असं होत नाही. कोणाची काही तक्रार असेल तर? संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि एवढा अफाट जमाव गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार आहे तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निकाल देतात. हे मला फार मोलाचं वाटतं. अन्याय झाला तर आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही, पण मुकाट्याने सोसणंही नाही. टाळ वाजत ठेवायचे.

आता जरा गंभीर दोन गोष्टी बोलतो.

पहिली गोष्ट चाकांच्या खुर्चीची. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं परदेशात आहेत. आई-वडील जायला निघाले की हमखास सल्ला मिळतो, "व्हीलचेअर सांगून ठेवा, कुठेच रांग लागत नाही." ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, इंग्रजीची धास्ती आहे, त्यांनी मदत जरूर मागावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण रोज पहाटे सुखना तलावाला दोन फेऱ्या मारणाऱ्याने खुर्ची मागणं म्हणजे रांगेत घुसणंच, फक्त बसून. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई विमानतळावर एक ऐंशी वर्षांचे प्रवासी उतरले. त्यांनी आणि पत्नीने दोघांनीही खुर्ची मागितली होती, मिळाली एकच. ते पत्नीच्या खुर्चीबरोबर चालत निघाले, वाटेत कोसळले आणि गेले. डीजीसीएने एअर इंडियाला तीस लाखांचा दंड केला. त्या दिवशी कोणी खोटी खुर्ची मागितली होती असं मी म्हणत नाही. पण खुर्च्या मोजक्या असतात आणि कोणाला खरी गरज आहे हे खुर्चीला कळत नाही. ते आपल्याला कळायला हवं.

दुसरी गोष्ट आणीबाणीची. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं विमान धावपट्टीवर आदळलं आणि पेटलं. आत धूर भरत असताना लोक कप्पे उघडून बॅगा काढत होते, याची चित्रफीत साऱ्या जगाने पाहिली. नशिबाने तिन्हीशे माणसं बाहेर पडली. आग विझवणारा एक जवान मात्र गेला. आणि २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. ध्वनियंत्रणा बंद, आठपैकी तीनच दारं वापरता येण्याजोगी. कर्मचारी ओरडून सूचना देत होते. लोकांनी बॅगा जागच्या जागी सोडल्या, सांगितलं तसं चालत गेले आणि ३७९ च्या ३७९ बाहेर आले.

ती शिस्त त्या दिवशी आकाशातून पडली नाही. आगीच्या वेळी माणूस नवीन काही शिकत नाही, रोज जे करतो तेच करतो. दारावर रोज ढकलणारा माणूस धुरातही ढकलणार. म्हणून बोर्डिंगच्या त्या फालतू वाटणाऱ्या रांगेला मी महत्त्व देतो. तिथे थांबायला पैसे पडत नाहीत, जागा जात नाही. शिस्तीची इतकी स्वस्त तालीम दुसरीकडे कुठे मिळणार?

तेव्हा विनंती एवढीच. आपला गट पुकारेपर्यंत बसून राहावं. जड बॅग खाली सामानात द्यावी आणि कप्पा आपल्याच ओळीचा वापरावा. उतरताना पुढची ओळ निघाली की मग आपण. पट्ट्याचा दिवा विझायच्या आधी उठून, मान वाकडी करून दहा मिनिटं उभं राहण्यात काही पुरुषार्थ नाही. आणि कोणी घुसलं तर, न ओरडता, दारावरच्या माणसाला सांगावं, "आधी त्या बाळाच्या आईला जाऊ द्या." टाळ वाजवावेत.

विमानतळ लांब आहे. तालीम घरापासून सुरू करायची तर रविवारी आपला महाप्रसाद आहेच. कार्यकारिणीशी मी बोललो आहे. यंदा पहिल्या पंगतीला लहान मुलं आणि ज्येष्ठ, नंतर आपले पाहुणे, मग आपण सगळे, आणि पदाधिकारी शेवटच्या पंगतीला. पान मांडून ठेवणं, रुमाल टाकणं, "आमचे चार जण येताहेत" हे सगळं बंद. मसालेभात भरपूर केलेला आहे, आचाऱ्याला मी स्वतः विचारलं आहे. जागा पक्की आहे.

गणपती बाप्पा मोरया!