विम्याची तारीख

श्रोते हो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी ती चढलो, आणि थोडासा शहाणा होऊन उतरलो. त्याची ही हकीकत.

मी चेन्नईजवळच्या अंबत्तूरला राहतो. १९६०च्या दशकात येथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पोटापाण्यासाठी ठिकठिकाणची माणसे येथे आली. त्यांच्यामागून पुष्कळ वर्षांनी मीही आलो. २०१९ साली मी येथे एक स्कूटर घेतली. नव्या दुचाकीचा त्रयस्थासाठीचा विमा, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो, तो एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. मीही घेतला आणि निश्चिंत झालो. पाच वर्षांच्या निश्चिंतीत माणूस तारीख विसरतो, हे मात्र ध्यानात आले नाही.

२०२४ साली एका संध्याकाळी वाहतूक पोलिसाने मला अडवले. परवाना ठीक होता, नोंदणीही ठीक होती. विमा संपून एकोणीस दिवस झाले होते. मी त्याच रात्री नवा विमा घेतला आणि मनाशी म्हटले, आता दोन हजारांचा दंड कशासाठी? दंड न भरता मी न्यायालयात जाण्याचे ठरविले.

न्यायालयाच्या व्हरांड्यात एक वृद्ध वकील भेटले. माझी सारी कैफियत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि इंग्रजीतून एकच प्रश्न विचारला, “सार, पोलिसाने थांबविले त्या घटकेला विमा होता का?”

“नव्हता, पण त्याच रात्री...”

“कागद घरी राहिला असता, तर गोष्ट निराळी. तो सात दिवसांत पोलीस ठाण्यावर दाखविला, तर केवळ कागद जवळ नव्हता म्हणून कायदा तुम्हांला दोषी धरीत नाही. पण तुमचा कागद घरीसुद्धा नव्हता.”

मग त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक जुना खटला सांगितला. १९८३ सालची गोष्ट. सकाळी अपघात झाला आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता वाहनाच्या विम्याचे नूतनीकरण झाले. तारीख एकच, पण विम्याच्या कागदावर वेळ लिहिलेली होती. न्यायालयाने म्हटले की, विमा त्या वेळेपासून सुरू होतो, मागे जात नाही. भरपाईचा बोजा विमा कंपनीवर पडला नाही.

हे ऐकून मी चरकलो. त्या एकोणीस दिवसांत मी रोज कामावर गेलो होतो, शाळा सुटण्याच्या वेळी गर्दीतून परतलो होतो. एखादे मूल माझ्या चाकाखाली आले असते, तर त्याच्या आईबापांना मी काय देणार होतो? माझी सारी शिल्लकही पुरली नसती. स्कूटरचे नुकसान माझे मला सोसता येते. परंतु हा सक्तीचा विमा माझ्यासाठी नसतोच. ज्याचे नावही मला ठाऊक नाही, अशा रस्त्यावरच्या माणसासाठी तो असतो. म्हणून तर १ जुलै १९४६ पासून आपल्या देशात तो सक्तीचा आहे.

पाच वर्षांच्या विम्याचा उगमही मला नंतर समजला. रस्त्यावरील अपघातांचा प्रश्न घेऊन याच तमिळनाडूतील, कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या प्रकरणातील २०१८च्या आदेशाने, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून, नव्या मोटारीला तीन आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा हा विमा आवश्यक झाला. लोक दुसऱ्या वर्षापासून विमा उतरवीतच नाहीत, म्हणून योजलेला तो उपाय. मी पाच वर्षांनी तेच केले!

पुकारा झाला. दंडाधिकाऱ्यांनी विचारले, “गुन्हा कबूल आहे?” घरून पाठ करून नेलेला युक्तिवाद मी गिळला आणि “होय” म्हटले. पहिल्या अशा गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. मला दंडच झाला. तो मी भरला आणि पावती खिशात घातली.

परतताना चौकात एक फुलवाली डोक्यावर टोपली घेऊन रस्ता ओलांडीत होती. मी स्कूटर थांबविली. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. माझ्याजवळच्या त्या कागदात तिचाही वाटा आहे, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला ठाऊक असणे पुरेसे होते.

श्रोते हो, आज घरी गेल्यावर आपल्या वाहनाच्या विम्याची तारीख एकदा पाहून घ्या.