‘क्लोज द लाइट’चं काय चुकलं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपली इंग्रजीशी ओळख झाली पाचवीत. पुढे शहरात नोकरीला गेल्यावर आपल्यातल्या कित्येकांनी ‘क्लोज द लाइट’ म्हटलं आणि आजूबाजूचे हसले. त्या हसण्यानं काहींची इंग्रजी कायमची बंद झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण त्या वाक्यात अडाणीपणा नव्हता, मराठी होती. आपण दार बंद करतो, दुकान बंद करतो आणि दिवाही बंद करतो. कॅनडात माँट्रियलचे लोकही फ्रेंचच्या वळणानं इंग्रजीत हेच म्हणतात. त्यांना कोण हसतं? शिक्षक मंडळींना विनंती, पोरगं ‘क्लोज’ म्हणालं तर आधी उठून दिवा बंद करा, मग दुरुस्ती सांगा. म्हणणं तर कळलेलंच असतं!

इंग्रजांचं लक्ष हात काय करतो याकडे. मेणबत्ती फुंकली, ‘ब्लो आउट’. गॅसच्या दिव्याची चावी फिरवली, म्हणून ‘टर्न ऑफ’ किंवा ‘टर्न आउट’. विजेचं बटण आलं, ‘स्विच ऑफ’ आलं. चावी गेली तरी ‘टर्न’ राहिलंच, त्यामुळे आज दोन्ही शुद्ध. ‘टर्न डाउन’ मात्र कंदिलाची वात खाली करणं. दिवा मंद होतो, विझत नाही.

‘पुट आउट’ आगीला, विडीला आणि दिव्यालाही. शेक्सपिअरचा ऑथेल्लो डेस्डेमोनाला मारायला येतो, तेव्हा हातातला दिवा आणि तिचा प्राण या दोन्हींसाठी तो हेच क्रियापद वापरतो. आपणही ‘प्राणज्योत मालवली’ म्हणतोच की. देवाजवळचा दिवा मात्र आपल्या आज्यांच्या तोंडी कधी विझला नाही, तो ‘शांत झाला’. असलं क्रियापद इंग्रजीत शोधून दाखवा.

दिवा आपला आपण विझला तर ‘गो आउट’. ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे युरोपभरचे दिवे विझत चालल्याचं म्हणाले, ते याच क्रियापदानं. तिथे ‘स्विच ऑफ’ घातलं असतं, तर मंत्र्याचा वायरमन झाला असता.

राहिलं ‘गो ऑफ’. दिवे ‘गो ऑफ’ झाले तर गेले. गजर झाला तर वाजला. बॉम्ब झाला तर फुटला आणि दूध झालं तर नासलं! याचा नियम इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही मला सांगता येत नाही. पाठ करायचं, दुसरं काय.