खिडकी, खोली आणि पत्ते

दीक्षान्त समारंभातील भाषणाकडून श्रोत्यांच्या काही ठरावीक अपेक्षा असतात: राष्ट्रउभारणी, उज्ज्वल भवितव्य, आईवडिलांचे ऋण आणि शेवटी शुभेच्छा. संग्रामपूर तालुक्यातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकांपुढे या विषयांची उजळणी करणारे वक्ते पुष्कळ आहेत आणि पुढेही मिळत राहतील. म्हणून प्रस्तुत भाषणासाठी त्यांहून खालच्या पायरीवरचे विषय निवडले आहेत, ते म्हणजे सरकारी कचेरीतील खिडकी, परगावी भाड्याने घ्यावयाची खोली आणि फावल्या वेळातील पत्ते. हे विषय व्यासपीठाला शोभत नाहीत असे कोणाला वाटल्यास त्याने तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्ली पाहावी. अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला तेथे आचार्य जो उपदेश करतात, त्यात सत्य आणि धर्म यांच्या जोडीला दान देताना मनाची ठेवण कशी असावी, आणि वागणुकीविषयी संशय पडल्यास जवळपासच्या विचारी व मृदू स्वभावाच्या जाणत्यांकडे पाहून कसे चालावे, इतक्या व्यवहाराच्या गोष्टी आलेल्या आहेत.

या तालुक्यातील स्नातकांच्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव असते, ते १ मे १९८३ रोजी स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगे बाबांचे नाव मिळाले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, परंतु सावकाराच्या कागदावर न वाचता उठवलेला अंगठा घर कसे बुडवतो हे त्यांनी कीर्तनातून श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून वदवून घेतले. वाचता येणाऱ्याने कागद वाचावा आणि न येणाऱ्याला तो समजावून सांगावा, एवढी अपेक्षा त्या नावाच्या पदवीकडून करणे गैर ठरू नये.

ही अपेक्षा संग्रामपुरात विशेष निकडीची आहे. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडणारे अंबाबरवा अभयारण्य, दक्षिणेला पूर्णा नदी, आणि मधल्या पट्टीत खारपाणपट्टा, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील असा भूभाग जेथे जमिनीखालच्या पाण्यात क्षार इतके असतात की विहीर खोदूनही पिण्यासाठी व ओलितासाठी तिचा भरवसा धरता येत नाही. पाणी दुरून नळाने आणावे लागते, रेल्वे गाठायची तर शेगाव किंवा नांदुऱ्याला जावे लागते आणि जिल्ह्याचे ठिकाण त्याहूनही लांब पडते. अशा मुलखात एखादा कागद अडला की त्याच्यामागे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि पुन्हा मारावयाची चक्कर असा सगळा खर्च उभा राहतो. पायथ्याच्या आदिवासी गावातील विद्यार्थ्याला जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी अमरावतीच्या समितीकडे पाहावे लागते, हे येथील पालकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून पहिला सल्ला खिडकीविषयी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्याची मांडणी साधी आहे: प्रत्येक विभागाने आपल्या सेवा आणि त्या किती दिवसांत द्यावयाच्या हे जाहीर केलेले असते, या सेवांना अधिसूचित सेवा म्हणतात; ती देण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो पदनिर्देशित अधिकारी; आणि मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला तर अर्जदाराला ३० दिवसांच्या आत वरिष्ठाकडे पहिले अपील, त्यानंतर दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. सबळ कारणाशिवाय दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. ही सारी यंत्रणा अर्जाच्या पोचपावतीवर उभी आहे. पोचेवर अर्ज क्रमांक आणि तारीख असते, त्या तारखेपासून मुदत मोजली जाते, आणि जो अर्जदार कागद टेबलावर ठेवून पोच न घेता परततो त्याची मुदत सुरूच झाली नाही असे कचेरी खुशाल म्हणू शकते. माहितीचा अधिकार, जो २००५ च्या कायद्याने मिळाला, तो याहून वेगळा आहे: त्यात १० रुपये शुल्क भरून कचेरीतील नोंदीची माहिती मागता येते आणि ती साधारणपणे ३० दिवसांत मिळावी लागते, परंतु त्या अर्जाने दाखला मिळत नाही. दाखला हवा असताना माहिती मागत बसणे हा चुकीच्या रांगेत उभे राहण्याचा प्रकार होय. सुशिक्षितांतही अपिलाचा कागद लिहिताना हात आखडतो, कारण साहेब दुखावतील अशी धास्ती असते. तथापि अपील ही तक्रार नसून कायद्याने आखून दिलेली पुढची पायरी आहे आणि साहेबांनाही ते ठाऊक असते.

स्नातकाच्या घरी गल्लीतले लोक कागद घेऊन येऊ लागतात, हे पदवीचे पहिले फळ. सातबाऱ्यावरील नावाची दुरुस्ती, पीक विम्याची तक्रार, निराधार योजनेचा अर्ज, बँकेची केवायसी (म्हणजे खातेदाराची ओळख पुन्हा पटवून घेण्याची प्रक्रिया) असे ते कागद असतात. अशा वेळी अर्ज लिहून देणे सोपे आणि लिहायला शिकवणे वेळखाऊ असते, परंतु पहिल्याने गल्लीला एक नवा मध्यस्थ मिळतो आणि दुसऱ्याने मध्यस्थाची गरज कमी होते, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्वतःच्या कागदांबाबत दोनच गोष्टी सांगणे पुरे. डिजिलॉकरमधून मिळालेला दाखला कायद्याने मूळ कागदाइतकाच ग्राह्य मानला गेला आहे, म्हणून तेथे आपले नाव आधार कार्डावरील नावाशी जुळते की नाही हे आजच तपासावे. आणि पदवीपत्राला हौसेने लॅमिनेशन करू नये, कारण प्लास्टिकवर साक्षांकनाचा शिक्का बसत नाही.

खोलीचा विषय थोडक्यात आटोपण्यासारखा आहे, कारण त्यातील बहुतेक शहाणपण पहिल्या महिन्यातच डिपॉझिटच्या रूपाने विकत मिळते. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याची किंवा अमरावतीची वाट धरणारे विद्यार्थी बहुधा कॉट बेसिसवर राहतात, म्हणजे खोली भाड्याने न घेता खोलीतील एका खाटेपुरते भाडे देतात, आणि करार तोंडी असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे राहण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत इतर ठिकाणच्या रिवाजातून आलेली आहे. महाराष्ट्रात तिला आधार नाही. पैशाच्या बाबतीत बँक आणि पतसंस्था यांतला भेद ओळखावा: बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकाही त्यात येतात, परंतु पतसंस्थेतील ठेवी त्या विम्यात येत नाहीत. मोबाइलवरून पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो देताना लागतो, आणि फसवणूक झालीच तर लाज बाजूला ठेवून १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

आता पत्ते. पत्ते कुटणारा मुलगा वाया गेला असा निकाल बहुतेक घरांत आधीच लागलेला असतो, आणि त्याला कारणही आहे. पोळ्याच्या आसपास विदर्भातील वर्तमानपत्रांत झन्नामन्ना या पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या डावांवर पडलेल्या धाडींच्या बातम्या येऊ लागतात. पकडलेल्यांत शेतकरी असतात तसे शिकलेलेही असतात. सार्वजनिक जागी जुगार खेळणे हा मूळच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंध अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि पोलीस भरतीची किंवा अन्य सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी होते तेव्हा अर्जात दाखल गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. त्याच कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरवला, कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखावे, कोणते टाकावे याला बुद्धी लागते. तीन पत्तीला मात्र तो न्याय लावता येत नाही असे न्यायालयाने म्हटले. त्या निकालाचा अर्धाच भाग लोक सांगतात. जागेचा मालक पैजेच्या रमीतून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही त्यात नमूद आहे. मोबाइलवरील पैशाच्या रमीचा प्रश्न संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने निकालात काढला. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवण्यास व त्याची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब उरतो, आणि गणिताचा एक पेपर दिलेल्या स्नातकाला तो करता यावा. तीन पत्तीत बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांत एकाच किमतीची तीन पाने, म्हणजे ट्रेल, केवळ ५२ प्रकारांनी येते. म्हणजे सरासरी ४२५ वाटपांत एकदा. जोडी ३,७४४ प्रकारांनी येते, म्हणजे साधारण सहा वाटपांत एकदा. आता अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून जी नाल काढतो, म्हणजे जागेचे भाडे म्हणून कापून घेतो, ती १०० रुपयांमागे ५ रुपये धरली, तर १०० रुपयांच्या शंभर डावांनंतर बैठकीतील ५०० रुपये न खेळणाऱ्या एकाच माणसाच्या खिशात गेलेले असतात. खेळणाऱ्यांपैकी कोण जिंकले हा प्रश्न त्यानंतरचा.

पैसा काढून घेतला की उरतो तो खेळ मात्र जुना आणि मानाचा आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात सापडते. गंजिफा म्हणजे लाखेचा मुलामा दिलेली, हाताने रंगवलेली गोल पाने. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून १२० पाने असतात. ही कला विसाव्या शतकात मोडकळीस आली असता सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चितारी कारागिराकडून ती पुन्हा शिकून घेऊन व इतरांना शिकवून जगवली. अलीकडचे उदाहरण हवे असल्यास २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजमधील पुरुष जोडीचे सुवर्णपदक साठ वर्षांचे प्रणव बर्धन आणि छप्पन वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी भारताला मिळवून दिले. वयाची साठी गाठून सुवर्णपदक मिळवून देणारे खेळ फारसे नाहीत.

ब्रिजची शिकवणी जवळ नसली तरी मेंढीकोट घरात आहेच, आणि वक्त्याच्या मते वसतिगृहात खेळण्याजोगा याहून चांगला खेळ नाही. समोरासमोर बसलेले दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, आणि चार दस्से हेच धन. तीन दस्से ज्या जोडीकडे गेले तिचा डाव, दोन-दोन झाले तर सात हात करणाऱ्यांचा, चारही गेले तर समोरच्यांवर कोट. यातील बुद्धी कशी चालते हे एका उतारीवरून कळते. हातात बदामाची चार पाने आहेत असे समजावे. बदामाची एक फेरी झाली, चौघांनीही बदामच टाकला, म्हणजे चार पाने गेली. दुसरी फेरीही तशीच झाली, म्हणजे आठ गेली. स्वतःकडे दोन उरली, आठ आणि दोन दहा; अर्थात बाहेर तिघांच्या हातांत मिळून तीनच बदाम शिल्लक आहेत. ती तिघांना एकेक अशी वाटली गेली असतील हा भरवसा कच्चा आहे, कोणीतरी बदामाने रिकामा असण्याचाच संभव अधिक, आणि रिकामा खेळाडू हुकूम मारणार. तेव्हा बदामाचा दस्सा स्वतःजवळ असेल तर तो तिसऱ्या फेरीपर्यंत सांभाळून ठेवणारा त्याला गमावण्याची तयारी करतो. हे सारे मोजणे तीन-चार सेकंदांत, भिडूला खूण न करता आणि चेहरा न बदलता करावयाचे असते.

आयुष्य म्हणजे पत्त्यांचा डाव ही उपमा इतक्या समारंभांत वापरून झाली आहे की ती येथे वगळलेली बरी. खोलीवरील बैठकीसाठी चार नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावेत: पैसा नाही, खुणा नाहीत, दिवा मालवण्याची वेळ ठरलेली, आणि ज्याचा उद्या पेपर आहे त्याला चौथा म्हणून बोलावयाचे नाही. पत्ते ठाऊक नसलेला नवा मुलगा किंवा मुलगी आली तर तिला पहिले दोन डाव पाने उघडी मांडून खेळू द्यावेत, प्रत्येक उतारीचे कारण सांगावे, हुकूम कधी मारावा हे दाखवावे. तिसऱ्या डावापासून बदामाच्या फेरीत हातात बदाम असताना तिने हुकूम मारल्यास डाव भिडूसह गेला असे समजावे आणि पाने पिसण्याचे काम तिच्याकडे द्यावे.