आधी गाळणी, मग सुई

आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर डिझेलवर चालतात, त्यांना कार्बोरेटर नसतो. पण अमेरिकेत 1947 ते 1952 या काळात निघालेला फोर्ड 8एन पेट्रोलचा. 5 लाखांवर बनले, आणि हौशी शेतकरी अजून ते चालवतात.

असं इंजिन मिस मारू लागलं की हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. तो आवरावा. याला पेट्रोलचा पंप नाही. वरच्या टाकीतून पेट्रोल नुसतं उताराने येतं. वाटेत काचेची वाटी आणि बारीक जाळ्या. टाकीतला गंज तिथे अडकतो. कार्बोरेटरच्या बुडाचा प्लग काढून डबा धरा. धार सलग हवी. थेंबथेंब गळत असेल, तर कार्बोरेटरच्या सुईला दोष देऊ नका. ठिणगीही बघून घ्या. निम्म्या वेळा कार्बोरेटर उगाच बदनाम होतो.

मग स्क्रू. एक स्लोचा, दुसरी खालची मेन सुई. दोन्ही हलक्या हाताने बंद करून साधारण एकेक फेरा उघडा. गच्च आवळलं तर सुईच्या टोकावर खाच पडते. स्लोचा स्क्रू हवेचा आहे: आत घेतला की मिश्रण दाट. मेन सुई पेट्रोलची: आत घेतली की पातळ. भलेभले इथे गोंधळतात.

मेन सुई उभ्या ट्रॅक्टरवर लावून भागत नाही. इंजिन गरम करा, चोक पूर्ण उघडा, नांगर जमिनीत घाला. जोर कमी पडून कार्बोरेटरातून फटफट उलटा आवाज आला, तर सुई थोडी उघडा. काळा धूर आला, तर थोडी मिटा.

आता थ्रॉटल. स्टिअरिंगखालचा लिव्हर थेट कार्बोरेटरला जोडलेला नाही, मध्ये गव्हर्नर बसतो. लिव्हर फक्त स्प्रिंग ताणतो. इंजिन वेगात फिरलं की गव्हर्नरमधल्या पोलादी गोळ्या बाहेर सरकतात आणि कार्बोरेटरची झडप मिटवू बघतात. नांगर अडला, वेग पडला, की स्प्रिंगचा जोर वरचढ होतो आणि झडप उघडते. म्हणून इंजिन बंद ठेवून लिव्हर शेवटपर्यंत ओढा. झडप पूर्ण उघडली पाहिजे. नसेल, तर गव्हर्नर आणि कार्बोरेटरमधल्या दांडीची लांबी जुळवा. दांडीचे सांधे झिजले की इंजिन एकदा धावतं, एकदा बसतं. तिथे सांधा बदलायचा, सुई फिरवायची नाही.

आणि एक. पेट्रोलची धार तपासताना इंजिन गार हवं, आणि विडी शेजारच्याच्याही तोंडात नको.