काका, स्टिक सोडा!

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



निवृत्तीनंतर कोण काय करतंय ते प्रत्येकाने पाच मिनिटांत सांगायचं, असं संयोजकांचं फर्मान आहे. कोणी नातवंडं सांभाळतंय, कोणी नर्मदा परिक्रमा करून आलंय. मी विमानं उडवतो. हसू नका! इंजिन नसलेली, फोमची, दोन मीटर पंखांची ग्लायडर. आपण जमिनीवर उभं राहून ती रिमोटने उडवायची. आमच्या घरी याला ‘म्हातारपणचा पतंग’ म्हणतात.

दर रविवारी पहाटे पुण्यातली आमची सात-आठ जणांची टोळी कामशेतच्या बाजूला जाते. शहरात विमानतळामुळे बंधनं आहेत, म्हणून आधी सरकारी नकाशावर हिरवा भाग बघायचा आणि मगच निघायचं. पॅराग्लायडिंगवाले ज्या टेकडीवर असतील तिथे आपण उडवायचं नाही, हाही क्लबचा नियम.

इंजिन नाही तर ते वर राहतं कसं, हे सगळेच विचारतात. खरं तर ग्लायडर सतत खालीच घसरत असतं. पण वारा टेकडीवर आपटून वर चढतो. त्याचं चढणं ग्लायडरच्या घसरण्यापेक्षा जास्त असलं की झालं. वर येणाऱ्या सरकत्या जिन्यावरून आपण सावकाश खाली उतरत राहिलो तर वरच जातो ना, तसंच. ऊन तापल्यावर घारी जिथे पंख न हलवता घिरट्या घालतात, तिथेही ग्लायडर न्यायचं. घार चुकत नाही.

मला शिकवणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी ३४ वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. पहिल्याच दिवशी ग्लायडरचा तोल कुठे येतो ते मी व्हर्नियरने मोजायला लागलो. त्याने दोन बोटांवर पंख तोलून दाखवले, नाकात शिशाचा एक तुकडा घातला आणि म्हणाला, “झालं, काका.”

शिकवताना दोन रिमोट एकमेकांना जोडतात. त्याच्याकडच्या रिमोटवर एक खटका असतो. तो त्याने धरून ठेवला की ताबा माझ्याकडे, सोडला की त्याच्याकडे. माझा ताबा सुरू झाला की विमान दारू प्यायल्यासारखं डुलायचं. जरा डावीकडे कललं की मी स्टिक उजवीकडे खेचायचो, मग ते जास्तच उजवीकडे जायचं, की पुन्हा डावीकडे. तो सारखं एकच सांगायचा, “काका, स्टिक सोडा. ते आपोआप सरळ होतं.” होतंही. पंख वर उचललेले असतात, त्यामुळे छोटा कल ते स्वतःच सावरतं. पण माझी बोटं ऐकायची नाहीत.

महिन्याभराने त्याने स्वतःचं, हाताने बनवलेलं ग्लायडर मला एकट्याला दिलं. ते माझ्याकडे तोंड करून आलं आणि डावं-उजवं उलटं झालं. अशा वेळी जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू पंखाला टेकू देतोय. मला पाठ होतं. हातांनी मात्र नेमकं उलटं केलं. ग्लायडर सरळ करवंदीच्या जाळीत. नाक तुटलं, एक पंख मधोमध गेला.

मी सॉरी म्हणायच्या आत तो जाळीत शिरला होता. हात ओरबाडून घेऊन बाहेर आला, पिशवीतून गोंद काढला आणि पंख धरायला मला बसवलं. “अर्ध्या तासात वाळेल. मग परत उडवायचं ना?” एवढंच म्हणाला.

मंडळी, त्या अर्ध्या तासात मला दोन माणसं आठवली. एक आपले कार्यानुभवाचे सर, जे आज समोर बसलेत. सर, नववीत मी पाट करताना सागाची फळी वाकडी कापली होती. तुम्ही काही न बोलता दुसरी फळी आणून दिलीत. तुम्हाला आठवत नसेल.

दुसरा माझ्या हाताखालचा एक अप्रेंटिस. ग्राइंडिंग करताना त्याचा हात थरथरला आणि जॉब वाया गेला. सगळ्यांसमोर मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणालो, “तुझ्याच्याने होणार नाही.” पुढच्या सोमवारपासून तो आलाच नाही. वीस वर्षं मी हा किस्सा ‘आमच्या वेळची शिस्त’ म्हणून रंगवून सांगत होतो. सरांची फळी घेणारा मीच, आणि हे करणाराही मीच.

त्याचा नंबर मिळवायला दोन महिने लागले. आता चाकणला त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, “आठवतंय, साहेब.” मग बराच वेळ गप्प. माझ्याकडेही शब्द नव्हते, म्हणून मी आपलं ग्लायडरचं सांगत सुटलो. शेवटी त्याने विचारलं, “पंख केवढा आहे?” पुढच्या रविवारी येतो म्हणालाय. बघू.

सर, ग्लायडर गाडीच्या डिकीत आहे. उद्या सकाळी चहाआधी वारा पडलेला असला, तर शाळेच्या मैदानावर हाताने फेकून दाखवीन. दुसरा रिमोटही आणलाय.