कूळ-मुंडकारांचा कौल
(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता निवडणुकीचा आहे. पण त्याचे मूळ माणसाच्या मानापमानात आहे. निवडणूक संपते, मतपेट्या उघडतात आणि ज्याच्या विजयाची कोणा सुशिक्षिताने कल्पनाही केलेली नसते असा उमेदवार निवडून येतो. मग आपल्या ओट्यांवर चर्चेला ऊत येतो. “अडाणी लोक, त्यांना काय कळते?” असे एकजण म्हणतो. “पैसे वाटले असतील,” असे दुसरा सुचवितो. “जातीवर मते पडली, दुसरे काय?” असा निर्वाळा तिसरा देतो. तिघेही एकच गोष्ट करावयाची विसरतात. ज्याने मत दिले, त्यालाच ते विचारीत नाहीत. प्रस्थापितांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसामागे गोरगरीब आणि उपेक्षित लोक का जातात, हा प्रश्न आज आपण त्या मतदाराच्या अंगणात उभे राहून पाहू या.

त्यासाठी दूरदेशीचे उदाहरण शोधावयास नको. चोर्ल्याचा घाट उतरला की जो मुलूख लागतो, त्या गोमंतकाचेच उदाहरण मी घेतो. बेळगावकरांना गोवा परका नाही. गोवामुक्तीच्या लढ्यात सत्याग्रहींची ये-जा याच शहरातून झाली आणि त्यांच्या पंगती याच शहरातील घरांनी उठविल्या. म्हणून त्या भूमीत १९६३ साली जे घडले ते नीट समजून घेण्याची जबाबदारीही आपल्यावर अधिक आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारतीय सैन्याने साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपविली आणि त्या वेळी दिल्लीत काँग्रेसचे सरकार होते. पंडित नेहरूंच्या नावाला तेव्हा देशभर जे तेज होते ते सांगावयास नको. अशा स्थितीत दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १९६३ मध्ये, गोवा, दमण व दीव या प्रदेशाच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. काँग्रेस जिंकणार याविषयी जाणत्यांना शंका नव्हती. निकाल लागला तेव्हा खास गोव्यातील २८ जागांपैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नव्हती. ३० जणांच्या सभागृहात तिच्या वाट्याला आलेली एकुलती एक जागा दमणची होती. त्याच वर्षी जन्मलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आपल्या सहकाऱ्यांसह १६ जागांवर विजयी झाला, युनायटेड गोवन्स पक्षाने १२ जागा जिंकल्या आणि श्री. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

मुक्ती आणणाऱ्या पक्षालाच मुक्त झालेल्या जनतेने का नाकारले? याचे उत्तर दिल्लीत मिळणार नाही आणि पणजीतही मिळणार नाही. ते गावच्या भाटात आणि खाजणात शोधावे लागेल.

गोव्याच्या खेड्यात भाटकार म्हणजे जमिनीचा धनी. त्याच्या भाटात, त्याच्या परवानगीने झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. त्याची जमीन खंडाने कसणारा तो कूळ. पुष्कळदा मुंडकार आणि कूळ हा एकच माणूस असे. त्याने ज्या घरात जन्म घेतला, ज्या घरात त्याचे आईबाप वारले, त्या घराखालची जमीन त्याची नव्हे. भाटकाराच्या घरी लग्नकार्य निघाले की याने राबावयाचे, माड पाडावयाचे असले की याने धावावयाचे, आणि धन्याची मर्जी फिरली की चूल-भांडी उचलून वाट धरावयाची ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या होती. देवळाच्या महाजनकीत त्याला स्थान नाही, गांवकारीच्या बैठकीत त्याला आवाज नाही. पोर्तुगीज गेले तेव्हा पणजीच्या सचिवालयावरचा झेंडा बदलला. मुंडकाराच्या अंगणात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भाटकार उभा होता.

आणि निवडणूक आली तेव्हा त्याने काय पाहिले? काँग्रेसच्या वतीने मत मागावयास आलेल्या मंडळींत मुक्तिलढ्यात झिजलेली काही थोर माणसे निश्चितच होती. त्यांच्या त्यागाला मी वंदन करतो. परंतु त्या पक्षावर गावोगाव छाप होती ती जमीनदारांची, खाणवाल्यांची आणि उच्चवर्णीयांची. काल ज्यांच्या दारात पायताण काढून उभे राहावे लागे, तेच आज पांढरी टोपी घालून लोकशाहीचा संदेश देत होते. कुळाने तो संदेश ऐकला. मग पडद्याआड जाऊन त्याने सिंहावर शिक्का मारला.

पडद्याआड हा शब्द मी मुद्दाम वापरला. पोर्तुगीज काळात मताचा अधिकार अगदी मर्यादित होता. १९६३ साली विधानसभेसाठी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत होते आणि ते गुप्त होते. भाटकार मुंडकाराला घराबाहेर काढू शकत होता, बाजारात त्याचा अपमान करू शकत होता, पण मतदानाच्या त्या दोन हात जागेत त्याला शिरता येत नव्हते. ज्याला आयुष्यात कोठेच ‘नाही’ म्हणता येत नाही, तो पहिल्या संधीला तेथे ‘नाही’ म्हणतो. प्रस्थापितांविरुद्धच्या मताचे पहिले कारण हे आहे. श्रीमंताला आपला नकार नोंदविण्याचे शंभर मार्ग असतात. तो अधिकाऱ्याला भेटतो, वकील लावतो, वर्तमानपत्रात पत्र लिहितो. गरिबाला पाच वर्षांतून एकदा एक कागद मिळतो. त्या एका कागदावर त्याला सारेच लिहावयाचे असते.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. गरीब माणूस भावनेने वाहून जातो असे म्हणणाऱ्यांनी त्याचा हिशेब कधी ऐकलेला नसतो. सरहद्दीपलीकडे, सावंतवाडीकडे, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून मुंबई राज्याच्या कुळकायद्याने कसणारा जमिनीचा मालक होऊ लागला होता. दोन्हीकडे सोयरीक असलेल्या पेडण्या-सत्तरीच्या कुळाला ही बातमी पोचण्यासाठी वर्तमानपत्राची गरज नव्हती. म्हणून ‘महाराष्ट्रात विलीन व्हा’ या घोषणेत भाषाभिमानी सुशिक्षिताला मराठीचा गौरव दिसला, तर कुळाला त्याच्याबरोबर सात-बाराचा उताराही दिसला. त्याचे मराठीवरील प्रेम खोटे होते असे मी म्हणत नाही. कीर्तन, भजन आणि खेड्यातली मराठी शाळा यांनी ते जोपासलेले होते. माझे म्हणणे इतकेच की, प्रेम आणि पोट यांची दिशा त्या वर्षी एक झाली होती.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. भाऊसाहेब बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते, लक्षाधीश होते. मग गरिबांनी एका श्रीमंतालाच निवडले, यात प्रस्थापितविरोध तो कोठला? पण गरीब माणूस श्रीमंतीचा द्वेष करतो हा आपला गैरसमज आहे. त्याला सलते ती तुच्छता. पेडण्याला जन्मलेले भाऊसाहेब ज्या समाजातून आले, त्या समाजाला उच्चवर्णीयांनी शतकानुशतके हिणविलेले होते. हा माणूस कष्टाने वर आला, गावोगावच्या शाळांना आणि देवळांना त्याने हात सैल सोडून मदत केली, आणि तो आपल्या पंगतीला बसतो, हे लोकांनी पाहिले. ‘आपल्यातला एक तेथवर पोचला’ या जाणिवेत जे बळ असते ते कोणत्याही जाहीरनाम्यात नसते. हे तिसरे कारण, आणि कदाचित सर्वांत खोल.

मात्र गोव्यातील सगळे गरीब एका बाजूला गेले असे समजू नका. सासष्टीतला ख्रिस्ती मुंडकारही गरीबच होता; त्याच्याही डोक्यावर भाटकार होता. पण त्याने डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सला साथ दिली. विलीनीकरणात आपला धर्म, आपली कोंकणी आणि आपले वेगळेपण बुडेल, ही भीती त्याला भाटकाराच्या जाचापेक्षा मोठी वाटली. दारिद्र्य माणसाला अस्वस्थ करते. ती अस्वस्थता कोणत्या दिशेला वळेल हे भाषा, धर्म, जात आणि भय ठरवितात. जो नेता हे विसरतो तो सर्व गरिबांना एकच मन आहे असे समजतो आणि तोंडघशी पडतो.

तोंडघशी पडण्याचा हा अनुभव विलीनीकरणवाद्यांनाही आला. कटू असले तरी हे सांगितले पाहिजे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि वेगळ्या संघप्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण नाकारले गेले. येथपर्यंतची कथा आपल्याला ठाऊक असते. आपण दुःखाने तेथेच थांबतो. पण पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, त्याच गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच भाऊसाहेबांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला!

हा विरोधाभास आहे काय? मतदाराच्या अंगणातून पाहिले तर मुळीच नाही. मधल्या काळात, १९६४ साली, गोव्यात शेतकुळांना संरक्षण देणारा कायदा झाला होता, खंडावर मर्यादा आली होती, खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा उघडल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी विलीनीकरण हवे होते, तिचा आरंभ आपल्याच घरी झालेला कुळाने पाहिला. तेव्हा काहींनी विलीनीकरणाला ‘नाही’ म्हटले आणि भाऊसाहेबांना ‘होय’ म्हटले असावे, असाच या निकालांचा अर्थ मला लागतो. आपण त्याच्या मताला आपल्या इच्छेचा अर्थ चिकटविला होता. त्याने आपला अर्थ आपल्यापाशी जपून ठेवला होता.

हा धडा एकट्या गोव्याचा नाही. १९७१ साली जुन्या पक्षश्रेष्ठींशी झुंज घेणाऱ्या इंदिरा गांधींना ‘गरिबी हटाव’ म्हणून गोरगरिबांनी डोक्यावर घेतले. १९७७ साली, आणीबाणीतील सक्तीची नसबंदी आणि झोपड्यांवर चाललेले बुलडोझर सोसल्यावर, त्याच उत्तर प्रदेशात लोकसभेच्या ८५ पैकी एकही जागा त्यांच्या पक्षाला मिळाली नाही. खुद्द रायबरेलीत त्या पराभूत झाल्या. ज्या मतदाराला आपण भोळा म्हणतो, त्याने सहा वर्षांत एकाच व्यक्तीला प्रस्थापितांविरुद्ध उभे केले आणि प्रस्थापित झाल्यावर खाली उतरविले.

गोव्यातही निराळे घडले नाही. १९७३ साली भाऊसाहेब गेले. त्यांच्या कन्या श्रीमती शशिकला काकोडकर यांच्या कारकीर्दीत, १९७५ साली, मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला आणि १९७६ साली कुळांना मालकीहक्क देणारी दुरुस्ती झाली. पण १९८० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला अवघ्या ७ जागा मिळाल्या. सुमारे पंधरा वर्षे सत्तेत राहिलेला पक्ष लोकांच्या दृष्टीने आता स्वतःच प्रस्थापित झाला होता. उपकाराच्या ओझ्याखाली मत देण्याची सवय त्या मतदाराने भाटकाराबरोबरच सोडून दिलेली होती, आणि ही गोष्ट मी तरी लोकशाहीचे यशच मानतो.

असे मत नेहमी सत्कारणीच लागते काय? नाही. संतापावर स्वार होऊन आलेला प्रत्येक माणूस कुळकायदा करीत नाही. पुष्कळजण नवे भाटकार होतात. पण तो धोका टाळण्याचा उपाय मतदाराला अडाणी ठरविणे हा नव्हे. भाऊसाहेबांचा काळ आठवला जातो तो १९६४ च्या कायद्यामुळे आणि गावोगावच्या शाळांमुळे. केवळ काँग्रेसच्या पराभवामुळे नव्हे. संतापाने सत्ता मिळते. ती टिकते आणि सार्थ होते ती सातबाऱ्याने आणि शाळेने.

बंधुभगिनींनो, आपणही कोणत्या ना कोणत्या कार्यासाठी लोकांच्या दारात जातो. पुढच्या वेळी झोपडीच्या दाराशी उभे राहाल तेव्हा आपली घोषणा सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: “तुमच्या घराखालची जमीन कोणाची आहे?” त्याचे उत्तर जो लक्षपूर्वक ऐकेल, त्याला निवडणुकीचा निकाल ऐकून आश्चर्य करीत बसण्याची वेळ येणार नाही.