गाण्यातले ‘या, बसा’

आपल्या कमरीपेठेत मूल बोलू लागले की त्याच्या कानावर दोन भाषांतला आदर पडतो. इथल्या कन्नडमध्ये ‘री’ लागला, ‘बर्री’ म्हटले, की काम भागते. मराठीत ‘ये’चे ‘या’ करावे लागते, ‘बस’चे ‘बसा’, ‘तू’चे ‘तुम्ही’. मुलांच्या शाळा बहुतेक कन्नड नाहीतर इंग्रजी. तेव्हा हे शिकायची जागा घरच. चार वर्षांच्या मुलाला ते नियम सांगून येत नाही. पाहुण्यांचा खेळ मांडा. एकाने दारात यावे, दुसऱ्याने पाट मांडावा आणि टाळीवर ‘या या, बसा बसा, पाणी घ्या’ म्हणावे. जिभेला आपोआप वळण लागते.

दवाखान्यात मीही एक ओळ जुळवली आहे : ‘आली आली शिंक आली, कोपरामागे दडून गेली!’ मुले मग खोट्या शिंकाही काढतात. काढू देत.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. हातपाय धुणे, केस विंचरणे आणि गाणी-गोष्टी, सारे अंगणात, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. मला यातले अंगण फार मोलाचे वाटते. आपण मोबाइलवर गाणे लावून देतो आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जातो.

एकदा चार वर्षांच्या एका मुलीने माझ्यासमोर ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’चे गाणे हातवाऱ्यांसह म्हणून दाखवले. आजी कौतुकाने पाहत होत्या. गाणे संपले आणि ती आमच्याकडे पुड्या बांधणाऱ्या बाईंना म्हणाली, “ए, माझ्या गोड गोळ्या दे.”

आजी ओशाळल्या. त्या नातीला रागावणार, तेवढ्यात मला आठवले की दहाच मिनिटांपूर्वी मी म्हणालो होतो, “ए, फाइल दे.” त्या बाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. इतकी वर्षे मी त्यांना अशीच हाक मारत आलो होतो.

आजींना म्हटले, “तिला बोलू नका. ती हे माझ्याकडूनच शिकली.”

दुसऱ्या दिवशी मी, “अक्का, जरा फाइल देता का?” असे विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, “डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना?”